दंड वाळेपर्यंत

तुमच्या दंडावर देवी काढल्याचा जो वाटोळा व्रण आहे, तो मुळात कोणाच्या मुलाकडून आला, हे तुम्ही कधी विचारले आहे काय?

नसेलच विचारले. सोयरीक जुळवताना आपण समोरच्या घराच्या सात पिढ्या उकरतो. पण एका मुलाच्या दंडावरचा फोड आठव्या दिवशी पिकतो, त्यातली पाण्यासारखी लस नस्तर नावाच्या बारीक सुरीच्या टोकावर घेऊन दुसऱ्याच्या दंडात उतरवतात, त्याचा फोड पिकला की तिसऱ्याच्या, अशी ही साखळी गावोगाव चालत आपल्यापर्यंत येते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. एखाद्याला ते आठवते तेव्हा हटकून नको त्या वेळी आठवते. असा एक माणूस आणि त्याला पुरून उरलेली एक बाई मी ठाण्यात पाहिली आहे.

बाई दवाखान्यात नर्स होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. अंगाने आडव्या, चालायला लागल्या की हातगाडीसारख्या. एकदा निघाल्या की समोरच्याने बाजूला व्हावे. काखेत नेहमी एक पाट. शिसवी, कडेला पितळी फुले असलेला, चांगला जड. कोणाच्याही घरी गेल्या की तो आपटून मांडायच्या आणि त्यावर बसायच्या. पहिल्याच दिवशी मी कारण विचारले.

"अगं, आपण नर्सा," त्या म्हणाल्या. "सगळ्या जातीची पोरं हाताळतो. मग ह्या बाईला बसवायचं कुठं, असा घरोघर पेच पडतो. सतरंजी उचलतात, गोणपाट आणतात, सासू सुनेकडं बघते. तेवढ्या वेळात माझी दोन पोरं टोचून होतात. म्हणून माझी जागा मीच घेऊन फिरते."

त्या पाटावर दुसऱ्या कोणी बसलेले त्यांना खपत नसे. एकदा मी दमून टेकले, तर म्हणाल्या, "ऊठ. अजून तुझा अपमान झालेला नाही. झाला की तुझा तू पाट करून घे."

दुसरी खोड तपकिरीची. एरवी दर घटकेला चिमूट लागे. पण देवी काढायच्या दिवशी नाही. "नाक आणि नस्तर एका दिवशी चालत नाहीत," हा त्यांचा नियम. सकाळी डबी माझ्या हवाली करायच्या आणि बजावायच्या, "मागितली तरी देऊ नकोस. हात जोडले तरी देऊ नकोस." दुपारपर्यंत त्यांचा चेहरा तांबडा होई आणि त्या खरोखरच हात जोडीत.

"एकच चिमूट."

"नाही, बाई."

"तुझा बाप काय करतो गं?"

"छापखान्यात खिळे जुळवतात."

"तरीच. शब्दाला चिकटून बसायची सवय घरातलीच आहे."

त्यांचे खरे होते. वडील छापखान्यातून पत्रकांची फुकट गेलेली पाने घरी आणत. स्त्रीशिक्षण, दारूबंदी, केशवपनाचा निषेध, गोड्या पाण्याच्या विहिरी सर्वांना खुल्या कराव्या, अशा मजकुरावर मी अक्षरे गिरवली. आईकडे भाकरी मागतानाही मी 'प्रस्तुत प्रसंगी' म्हणत असे. तेव्हा दवाखान्यात येताच मी देवीवर एक लांबलचक निबंध लिहिला, आणि तो कोपरीच्या मिठागरवाल्या बायकांपुढे उभी राहून वाचला. निम्म्या बायका मध्येच उठून गेल्या. उरलेल्या बसून राहिल्या, कारण त्यांच्या मांडीवर पोरे झोपली होती.

बाई परतताना म्हणाल्या, "छान लिहिलंस. पण हे पुरुषांना वाचून दाखव. त्यांना शेवट आधी सांगितलेला आवडतो."

नर्सचे काम त्यांनी मला पुस्तकातून शिकवले नाही. कोणत्याही घरात शिरल्याबरोबर त्या म्हणायच्या, "आधी विस्तव द्या, मग मूल." शेगडीवर आपली पितळी तपेली चढवायच्या आणि पाणी खळखळले की नस्तर त्यात बुडवायच्या. एका मुलाचा दंड झाला की नस्तराला पुन्हा आंघोळ, मग दुसरे मूल. डोंबिवलीकडच्या एका खेड्यात एका यजमानांनी विचारले, "बाई, किती वेळा उकळता? त्यात चहा तरी टाका." बाईंनी ती तपेली कापडात गुंडाळून ठेवली आणि म्हणाल्या, "हिला चहाची सवय लागली तर माझी नोकरी जाईल."

ज्याच्या दंडाची लस घ्यायची ते मूल तर त्या सोनाराने सोने बघावे तसे बघत. सगळे कपडे उतरवायच्या. कानामागे, काखेत, जांघेत, तळपायांवर. पुरळ नको, ताप नको, गाठ नको. "आजाऱ्याकडून दान घेऊ नये. तो जे देतो ते सगळंच देतो." लस निघता निघता रक्ताचा ठिपका दिसला की तो फोड तिथेच सोडून द्यायच्या. आणि फोड कितीही छान पिकलेले असोत, त्यांतला एक कधीच उघडायच्या नाहीत. "तो त्याचा त्याला. सगळंच आपण नेलं तर ते बिचारं कशाच्या जोरावर राहील?"

आता कोपरीची गोष्ट. तिथे काढलेल्या देवी उठतच नसत. सगळीकडे उठायच्या, कोपरीत मात्र आठव्या दिवशी पाहावे तर दंड कोरा. दवाखान्याच्या साहेबांना वाटले लस खराब. मला वाटले अज्ञान. माझ्याकडे तेव्हा सगळ्या रोगांना तेवढे एकच निदान होते. बाईंना काही वाटले नाही. त्यांनी समोरच्या पोरीला उचलले, लाडाने तिच्या कोऱ्या दंडाचा मुका घेतला, आणि तोंड वेडेवाकडे केले.

"म्हातारे," त्या पोरीच्या आजीला म्हणाल्या, "हिला लोणच्यात घालून ठेवली होतीस काय?"

म्हातारी आगरी, उन्हाने काळी पडलेली, मिठागरात जन्म गेलेला. ती मुळीच ओशाळली नाही. "गो बाय, तू पोरीचा हात वरबाडलास, न मी खारा पानी नको लावू? आमचा मिठागरान पाय कापला तरी खाराच पानी लावतांव. दोन दिसान जखम बरी."

म्हणजे आम्ही वळलो, की सारी कोपरी प्रेमाने आपल्या लेकरांचे दंड मिठागराच्या पाण्याने धुऊन काढत होती, आणि लस आत मुरायच्या आधीच वाहून जात होती. मी ताबडतोब दुसरा निबंध मनात जुळवायला घेतला. बाईंनी पाट मांडला.

त्या दिवसापासून त्यांनी गोष्टी सांगायला सुरुवात केली. नस्तर चालले, की दंड आपोआप वाळेपर्यंत कोणीही उठायचे नाही, म्हणून गोष्ट. कल्याणच्या कोणा सावकाराची बायको, ठाकुर्लीच्या वाटेवर भेटलेला गोसावी, कोणाची म्हैस, कोणाचा जावई. अर्ध्या गोष्टी चहाड्या असत आणि उरलेल्या धडधडीत बनवलेल्या. बायकांचे डोळे बाईंच्या तोंडावर, आणि बाईंचे डोळे पोरांच्या दंडांवर. शेवटचा दंड वाळला की त्या वाक्य मध्येच तोडायच्या आणि पाट उचलायच्या.

"बाय, मंग जावयाचा काय झाला?"

"आठव्या दिवशी पोरं घेऊन या, सांगते."

आठव्या दिवशी बाया यायच्या. ज्यांची पोरे टोचलेली नव्हती त्याही यायच्या, आणि आल्याच आहेत तर त्यांचीही टोचून व्हायची. हे सगळे मला फार खटकत असे. मी एकदा स्पष्ट म्हटले, "बाई, ह्यांना ज्ञान द्यायला हवे, आणि तुम्ही चहाड्या देता."

"ज्ञानाला आठव्या दिवशी कोण परत येतं?" बाई म्हणाल्या.

मला अजूनही वाटते की ज्ञान द्यायलाच हवे. पण मी त्या दिवशी तिथेच बसले होते, आणि जावयाचे काय झाले ते ऐकल्याशिवाय उठले नव्हते.

तळ्याजवळच्या आळीत एक वकील राहत. सुधारणेवर व्याख्याने देत, आणि चांगली देत. त्यांतली दोन माझ्या वडिलांनी छापायला जुळवली होती. त्यांच्या सुनेचे बाळंतपण बाईंनी केले होते. मुलगी झाली. थोरल्या नातवाच्या देवी वकिलांनी मुंबईत एका ओळखीच्या माणसाकडून मुद्दाम काढून आणल्या. चार महिन्यांच्या नातीच्या राहून गेल्या. का राहून गेल्या, ते ज्यांना नाती आहेत त्यांनी ओळखावे.

नातू मुंबईहून परतला त्याच सुमारास बाई आणि मी सुनेची प्रकृती बघायला त्या घरी गेलो. त्याच्या आदल्या दिवशी कोपरीच्या त्या खारट पोरीला आम्ही पुन्हा टोचले होते, आणि ह्या खेपेला म्हातारीने पाणी लावायचे नाही असे कबूल केले होते. वकिलांच्या माजघरात आळीच्या पाचसहा बायका जमल्या. वकिलांच्या आई सोवळ्यात आत देवापाशी. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीच्या देवींचे व्रण होते, एक डोळा त्यातच गेला होता.

त्या दिवशी कोणाचा दंड वाळायचा नव्हता, तरी बाईंनी गोष्ट सुरू केली. मिठागराच्या बांधावर एक पोर जन्मली. त्याच रात्री उधाण आले आणि खाडीने बांध फोडला. आजीने पोर मिठाच्या टोपलीत घातली आणि सगळ्यांत उंच जागा पाहून तिथे ठेवली. ती उंच जागा म्हणजे मिठाची रास. आजी पोरीच्या आईला आणायला वळली, तेवढ्यात मध्ये पाणी आले. इकडे आजी, तिकडे रास. आणि पाणी राशीला लागले. मीठच ते. खालून विरघळू लागले.

"मग?" सून म्हणाली.

"मग आज उशीर झाला," असे म्हणून बाईंनी पाट उचलला. देवघरातली घंटा मघापासून वाजायची थांबली होती, हे त्यांच्याही लक्षात आले असावे.

त्या आठवड्यात कल्याणकडून बातमी आली, की मोठ्या देवींची साथ आली. मग ठाण्यात यायला उशीर लागला नाही. ज्या आळीने देवी काढायला आम्हाला कधी दार उघडले नव्हते तिथूनच गडी धावत आला: वकीलसाहेबांनी ताबडतोब बोलावले आहे, आळीतली सगळी मुले जमवली आहेत.

त्या सकाळी लस होती ती कोपरीच्या पोरीच्या दंडावर. फोड टपोरे, मोत्यासारखे. दुसऱ्या दिवशी ती लस गढूळ होणार आणि निरुपयोगी ठरणार. बाईंनी पोर आणि म्हातारी दोघींना बरोबर घेतले.

वकील ओटीवर उभे होते. त्यांनी म्हातारीकडे एकदा पाहिले आणि बाईंना म्हणाले, "ह्यांची काही आवश्यकता नाही. आमच्या नातवाचा आठवा दिवस आजच आहे. आळीतल्या मुलांना आळीतलीच लस मिळेल. आमचा व्यक्तिशः काही आग्रह नाही, पण लोकांच्या भावना असतात."

बाईंनी नातू मागितला. कपडे उतरवले. जांघेत पुरळ होते, मानेला गाठी होत्या, अंग कढत होते. त्यांनी त्याला पांघरूण घातले आणि आईकडे दिले.

"ह्याला घरात निजवा, मी औषध पाठवते. ह्याची लस घेणार नाही."

"फोड तर उत्तम आहेत," वकील म्हणाले.

"फोड उत्तम आहेत. पोर आजारी आहे."

"मी साहेबांना लिहीन."

"लिहा. साहेबांच्या नातवाला गाठी असत्या तरी हेच सांगितलं असतं."

वकील लिहायला आत गेले. बाईंनी पाट मांडला आणि बसल्या. डबी माझ्या ओच्यात होती, आणि त्या तिच्याकडे अशा बघत होत्या की मी दोन पावले मागे सरले. अंगणात पोरे घेतलेल्या बायका उभ्या, कोणी पुढे येईना, कोणी घरी जाईना. म्हातारी फाटकाबाहेर उन्हात. माझ्या ओठांवर एक सबंध भाषण आले होते आणि ते मी करणारच होते. तेवढ्यात सून नातीला घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली,

"नर्सबाई, ती राशीवरची पोर वाचली का?"

"आता हे काय विचारायची वेळ आहे?" कोणीतरी म्हणाले.

"हीच वेळ आहे," बाई म्हणाल्या. "ती बघा. फाटकाबाहेर, आजीच्या कडेवर."

सगळ्या वळल्या. पोर अंगठा चोखत होती.

"मग पुढे?" सुनेने विचारले.

"पुढचं मला ठाऊक नाही. तिच्या दंडावर आज लस आहे. तिची ती उद्या नासेल, नाहीतर आज तुमच्या लेकरांना मिळेल. आजवर गोष्टींचा शेवट मी सांगत आले. हा तुम्ही सांगायचा."

आतून वकिलांच्या आई बाहेर आल्या. ओले सोवळे, हातात पळी तशीच. वकील मागून, "आई, तुम्ही आत व्हा, मी बघतो."

"तू लिही," आजी म्हणाल्या. मग आपल्या एका डोळ्याने त्यांनी फाटकाकडे नीट पाहिले. "मिठागरवालीच ना गं तू? आमच्या घरातलं मीठ कुठून येतं?"

"कोपरीचाच आसल, आजी. दुसरा कुटला?"

"मग झालं. रोज देवाच्या नैवेद्यात चालतं, ते पोरीच्या दंडाला न चालायला काय झालं?" आणि सुनेला म्हणाल्या, "हिला आधी टोचून घे. माझी वेळ गेली, हिची घालवू नकोस."

म्हातारी मात्र जागची हलली नाही. "घ्या ना लस," ती म्हणाली. "पन माजी पोर उनान उबी ऱ्हाऊन देनार नाय. वटीवर बसवा."

सुनेने आजेसासूकडे पाहिले, आजेसासूने सतरंजीकडे. तोच पेच. तेव्हा बाई उठल्या, ओटीच्या मधोमध पाट सरकवला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "बस, म्हातारे."

म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन पाटावर बसली. बाईंनी विस्तव मागितला, तपेली चढवली आणि त्या पोरीचेही सगळे कपडे उतरवू लागल्या.

"माजे पोरीला पन बगाचा?" म्हातारी रागावली.

"वकिलाच्या नातवाला बघितलं, तर हिला का सोडू? ही काय त्याच्याहून कमी आहे?"

हे म्हातारीला पटले. बाई वाकून उभ्यानेच काम करू लागल्या, धापा टाकत. दोनच मुले झाली असतील, तोच आतून आजींनी पाठवलेला एक पाट आला. चांदीच्या फुलांचा, पंगतीत पाहुण्याला देतात तो. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्यावर बसल्या. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या घरच्या पाटावर बसलेली ती त्यांची पहिली वेळ असावी, कारण नीट कसे बसावे ते त्यांना थोडा वेळ कळेना.

पोरीचा एक फोड तिचा तिला ठेवला. सारी मुले अंगणात दंड उघडे टाकून बसली. गोष्ट त्या दिवशी म्हातारीनेच सांगितली, उधाणाची, आणि बाईंपेक्षा बरी सांगितली. जाताना मी तिला विचारले, "हे सगळे खरे का हो?"

"सगला खरा हाय," ती म्हणाली. "फकत उधान जरासा लहान व्हता."

आळीतली दोन घरे आली नाहीत. त्यांनी दारे लावून घेतली होती. त्या घरांची गोष्ट मी अर्धीच ठेवते. शेवट ठाऊक आहे, पण सांगवत नाही. वकिलांची नात मात्र आज परकर नेसून तळ्याकाठी सागरगोटे खेळते.

पुढे वकिलांनी 'आमच्या आळीतील एक सामाजिक सुधारणा' ह्या विषयावर व्याख्यान दिले. त्यात लोकांच्या भावनांवर त्यांनी कसा विजय मिळवला ते होते. म्हातारी नव्हती, पाटही नव्हता. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तो देवी काढायचा दिवस नव्हता. वक्ते 'मी' म्हणाले की बाई चिमूट घेत आणि सभागृह हादरेल अशा शिंकत. व्याख्यान लवकर आटोपले.

त्यानंतर बाईंची बदली झाली आणि मी एकटीने फिरू लागले. निबंध मी अजून लिहिते, आणि हा त्यांतलाच एक आहे. म्हणून मागणेही मागते.

नर्स दारात आली तर तिला आधी विस्तव द्या, आणि बसायला काहीतरी द्या. टोचल्यावर दंड आपोआप वाळू द्या; पाणी नको, हळद नको, राख नको. आठव्या दिवशी मूल घेऊन या. मूल आजारी असेल तर लपवू नका, स्पष्ट सांगा. आणि ते निरोगी असेल, त्याचा फोड छान पिकला असेल, आणि दाराशी दुसऱ्या कोणाचे लेकरू थांबले असेल, तर ते कोणत्या आळीतले हे विचारू नका. त्याला उन्हातून ओटीवर घ्या, आणि आपल्या मुलाचा दंड पुढे करा.